सोमवार ते शनिवारचे सेवाकार्य

‘मला प्रभूची सेवा करायची आहे, पण सुरुवात कुठून करू?’ हा प्रश्न मंडळीतून पुन्हा पुन्हा येतो आणि त्याच्यासोबत बहुधा तेच तीन अडसर येतात. सेमिनरीत शिक्षण झालेले नाही, चारचौघांत बोलता येत नाही, नोकरी-संसारातून वेळ उरत नाही. तिन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे. सेवाकार्य वेदीजवळ किंवा व्यासपीठावर घडते, ते पाळकसाहेबांचे किंवा फादरांचे काम; बाकीच्यांनी दानार्पण द्यावे, सभेच्या खुर्च्या लावाव्यात आणि नाताळच्या आठवड्यात सिव्हिल हॉस्पिटलात फळे वाटावीत. ही समजूत ज्यांना खटकते पण पुढे काय करावे ते सुचत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. आमचे म्हणणे असे की रोजच्या जगण्यात केलेली सेवा ही ‘खऱ्या’ सेवाकार्याची पूर्वतयारी नव्हे, तीच सेवाकार्य आहे. मात्र ती समोरच्याला विचारून, न चुकता आणि परतफेडीची अट न घालता झाली पाहिजे. यातली एक जरी गोष्ट सुटली तरी उरतो तो आपला उत्साह, आणि त्याचा त्रास गरजूला होतो.

पाचारण फक्त पाळकांना असते का?

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवसाचे चित्र आहे. तिथे कोणती कामे मोजली जातात ते पाहा: भुकेल्याला जेवण, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, बंदिवानाची भेट. यातल्या एकाही कामाला दीक्षा लागत नाही, वक्तृत्व लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. शिवाय ज्यांनी ही कामे केली त्यांना आपण ती कोणासाठी केली याचा पत्ताही नव्हता. त्यांनी ती सेवाकार्य म्हणून नोंदवलेली नव्हती. प्रॉटेस्टंट परंपरा सर्व विश्वासणाऱ्यांचे याजकपण मानते. कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, नोव्हेंबर १९६५मध्ये, प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावर स्वतंत्र हुकूमनामा काढला आणि हे काम धर्मगुरूंनी उसने दिलेले नसून बाप्तिस्म्यानेच प्रापंचिकाकडे येते असे मांडले. तेव्हा परवानगीचा प्रश्न दोन्ही बाजूंनी केव्हाच निकालात निघाला आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो बायबलमधूनच येतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात प्रेषित म्हणतात की वचनाची सेवा सोडून आम्ही पंगतीच्या कामाला लागणे योग्य नाही. मग वाढपाचे काम दुय्यमच ठरले ना? प्रसंग पूर्ण वाचला तर तसे ठरत नाही. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा वगळल्या जात होत्या, म्हणून तक्रार झाली होती. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना सहनशीलतेवर प्रवचन दिले नाही. सात माणसे निवडायला सांगितली, ती आत्म्याने आणि शहाणपणाने भरलेली असावीत अशी अट घातली आणि त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. पंगतीच्या कामासाठी एवढी पात्रता मागितली, यावरूनच त्याची प्रत कळते. आणखी एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते: सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्या गटावर अन्याय होत होता त्याच्याच माणसांच्या हाती वाटप गेले असे दिसते. त्या सातांतला स्तेफन पुढे पहिला हुतात्मा झाला आणि फिलिप्प सुवार्तिक झाला. वाढपी आणि उपदेशक अशी कायमची फाळणी त्या मंडळीने तरी केली नव्हती.

आधी विचारा, मग करा

यरीहोच्या वाटेवर बार्तीमय ओरडून दयेची याचना करतो. तो आंधळा आहे हे सगळ्यांना दिसते आहे. तरीही येशू त्याला जवळ बोलावून विचारतो की मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे. गरज डोळ्यांसमोर उघड असतानाही विचारणे, हा सेवेचा पहिला नियम या प्रसंगातून मिळतो आणि आपण नेमका तोच मोडतो. जुने कपडे गोणीत भरून वस्तीवर नेतो. तिथल्या बाईला कपडे नको असतात, रेशनकार्डावर सुनेचे नाव चढवायचे असते. वॉर्डात केळी-सफरचंदे वाटतो. मधुमेहाच्या रुग्णाला ती खाता येत नाहीत, आणि त्याच्या मुलाला हवी असते रात्रभर खाटेशेजारी बसणारी दुसरी व्यक्ती, म्हणजे त्याला चार तास झोप मिळेल.

विचारायचे कसे? ‘काही लागलं तर सांगा’ हे विचारणे नव्हे. असे म्हटल्यावर भिडस्त माणूस काहीच सांगत नाही. ‘मी दर गुरुवारी दुपारी मोकळी असते. बँकेचं, दवाखान्याचं, बाजाराचं यातलं कोणतं काम मी करू?’ असे विचारा, म्हणजे समोरच्याला निवड करता येते आणि नाही म्हणणेही सोपे जाते. सुरुवात या क्रमाने करा:

१. एकच माणूस किंवा एकच घर निवडा. पहिल्याच महिन्यात संस्था, बॅनर, व्हॉट्सअ‍ॅप गट काढू नका.
२. त्याला विचारा. त्याने सांगितलेले काम तुमच्या मनातल्या कामापेक्षा क्षुल्लक वाटले तरी तेच करा.
३. वार आणि वेळ ठरवा, आणि तुम्हाला झेपेल त्याच्या निम्मेच कबूल करा.
४. सोबत एक जोडीदार घ्या. एक आजारी पडला तर दुसरा जाईल.
५. तीन महिन्यांनी पुन्हा विचारा: हे अजून हवे आहे का, की दुसरे काही हवे आहे?

जोडीने जाण्याची पद्धत जुनी आहे. १८३३मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या मित्रांनी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी सुरू केली तेव्हा तो विशीतला विद्यार्थी होता. तुमचे चर्च आज गरिबांसाठी काय करते, या विरोधकांच्या टोमण्यावर त्यांनी उत्तराची पत्रिका काढली नाही. ते गरिबांच्या घरी जाऊ लागले. दोघांनी मिळून, ठरावीक घरी, पुन्हा पुन्हा. आजही अनेक धर्मग्रामांत ही सोसायटी काम करते. तुमच्या धर्मग्रामात असेल तर नवे काही उभारण्याआधी तिच्यासोबत सहा महिने घरभेटी करा. काम करता करता जे शिकायला मिळते ते शिबिरात मिळत नाही.

कोणती कामे खरोखर उपयोगी पडतात?

सगळ्यांना सगळे जमत नाही. कृपादाने वेगवेगळी असतात. पुढची यादी पूर्ण नाही, पण यातले प्रत्येक काम आठवड्याला दोन-तीन तासांत बसते.

- कागदपत्रांची सोबत. संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि श्रावणबाळ योजना यांचे अर्ज तहसील पातळीवर होतात. पात्र असूनही कित्येक विधवा, वृद्ध आणि अपंग केवळ उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, आधारशी जोडलेले बँकखाते यांच्या फेऱ्यांत अडकतात. अर्ज भरून द्या, सोबत जा, पोचपावती जपून ठेवा. अपंगांसाठीचे वैश्विक ओळखपत्र काढून देणे हेही असेच काम.
- रुग्णालयातली वाटाड्याची सेवा. गावाहून आलेल्या माणसाला केसपेपर कुठे, रक्ततपासणी कुठे हेच समजत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत सामील असलेल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ असतो. त्याच्यापर्यंत नातेवाइकांना पोचवा. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, हे तर पुष्कळांच्या कानावरही नसते.
- काळजीवाहकाला सुट्टी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करणारी सून किंवा मुलगी महिनोन्‌महिने घराबाहेर पडलेली नसते. तिच्या जागी आठवड्याला तीन तास बसा. आमच्या मते ही सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत गरजेची सेवा आहे.
- रक्तदान. वय १८ ते ६५, वजन ४५ किलोच्या वर आणि प्रकृती चांगली असेल तर पुरुषांना तीन महिन्यांनी, स्त्रियांना चार महिन्यांनी रक्त देता येते. शिबिराची वाट पाहू नका. उन्हाळ्याच्या सुट्टीत रक्तपेढीत तुटवडा असतो, तेव्हा जा.
- एकाकी वृद्धांना फोन. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. मुले परदेशी असलेल्यांना पैशापेक्षा याची उणीव असते.

एक काम मुद्दाम वेगळे सांगतो, कारण ते सेवेच्या यादीत कोणी धरत नाही. आपले पाणी, आपली जमीन, आपला रस्ता यांच्यासाठी नागरिक म्हणून उभे राहणे हीदेखील शेजाऱ्याची सेवा आहे. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या चळवळीत पुढाकार घेतला तेव्हा धर्मगुरूने यात कशाला पडावे, असे विचारणारे होते. पण विहिरी खाऱ्या झाल्या की तहानलेल्याला पेला भरून देण्यासाठी पाणी आणायचे कुठून, हा प्रश्न तितकाच धर्माचा आहे. ग्रामसभेला हजर राहणे ज्यांना जमते त्यांनी ते प्रार्थनासभेइतकेच मनापासून करावे.

नोकरीची खुर्ची

वेळ नाही म्हणणाऱ्यांसाठी हा भाग आहे. पौल करिंथात अक्विल्ल आणि प्रिस्किल्ल यांच्यासोबत तंबू शिवत होता; त्याचे सुवार्ताकार्य आणि त्याचा धंदा एकाच छपराखाली चालत. महाराष्ट्रातला ख्रिस्ती समाज परिचारिका, शिक्षक, कारकून, वाहक, तंत्रज्ञ म्हणून मोठ्या संख्येने काम करत आला आहे, आणि यातल्या प्रत्येक खुर्चीसमोर दिवसभर गरजू माणसे येतात. त्यांच्यासाठी वेगळा वेळ काढायचा नसतो, आहे तोच वेळ वेगळ्या रीतीने द्यायचा असतो. कारकुनाने अपुऱ्या अर्जावर नुसते ‘उद्या या’ न म्हणता काय कमी आहे ते चिठ्ठीवर लिहून दिले तर म्हातारीच्या तीन फेऱ्या वाचतात. परिचारिकेने इंजेक्शन देण्यापूर्वी काय देते आहे हे सांगितले, शिक्षिकेने मागच्या बाकावरच्या मुलाची वही आधी तपासली, वाहकाने सुट्ट्या पैशांवरून अपमान केला नाही, तर यातले काहीही नियमाबाहेर नाही आणि तरी ते सहज मिळत नाही.

पण नोकरीला सेवाकार्य म्हणणाऱ्याने दोन पथ्ये पाळावीत. आपल्या मंडळीतल्या माणसाचे काम रांग मोडून करणे ही सेवा नव्हे, तो रांगेत उभ्या असलेल्यावर अन्याय आहे. आणि कामाच्या जागी, विशेषतः सरकारी टेबलावर किंवा रुग्णाच्या खाटेशी, आपल्या हुद्द्याचा वापर करून धर्माविषयी बोलणे टाळावे. समोरचा माणूस तुमच्यावर अवलंबून असतो, म्हणून तो मोकळेपणाने ‘नको’ म्हणू शकत नाही.

बायकांवर आणखी ओझे टाकू नका

मंडळीत ‘सेवा’ म्हटले की महिला मंडळाकडे बघण्याची सवय आहे. सहभोजनाचा स्वयंपाक बायकांनी करायचा, भेटी बायकांनी द्यायच्या, पंचमंडळीत निर्णय मात्र पुरुषांनी घ्यायचे. ज्यांना बायबलच्या आधाराशिवाय पटत नाही त्यांनी पुन्हा तो सहावा अध्याय काढावा: पंगतीच्या कामासाठी निवडलेले सातही पुरुष होते. आणि बेथानीच्या घरी मार्था स्वयंपाकात गुंतलेली असताना येशूच्या पायांशी बसून ऐकणाऱ्या मरीयेला कोणी उठवले नाही. घरात आजारी सासू आणि दोन मुले सांभाळणाऱ्या स्त्रीने ‘मी सेवाकार्य करत नाही’ अशी खंत धरण्याचे काहीच कारण नाही. तिच्या बाबतीत मंडळीने करायचे सेवाकार्य म्हणजे तिला आठवड्यातून एक दुपार मोकळी करून देणे.

अट घालू नका

आता सर्वांत नाजूक प्रश्न. नुसती सेवा करत राहिलो आणि प्रभूचे नाव घेतलेच नाही तर ती सुवार्ता कशी, असे एक गट विचारतो. नाव घेतले तर धर्मांतराचा आरोप होईल, म्हणून सेवाच नको, असे दुसरा म्हणतो. दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरतात: सेवा म्हणजे कुठेतरी पोचण्याचे साधन. लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि आभार मानायला एकच परत येतो, तोही शोमरोनी. येशू बाकीच्या नऊ जणांविषयी विचारतो, पण त्यांचे बरे होणे काढून घेत नाही. आमच्या मते सेवेची कसोटी इथे आहे. ज्याला मदत केली तो कधीही चर्चमध्ये येणार नाही, आभारही मानणार नाही, हे आज कळले तरी पुढच्या गुरुवारी तुम्ही जाल का? जाणार असाल तर ती सेवा आहे. नसाल तर तो सौदा आहे आणि तो उघडपणे सौदा म्हणून केलेला बरा.

याचा अर्थ विश्वास लपवावा असा नाही. लपवाछपवीने संशयच वाढतो. कोणी विचारले की तुम्ही हे का करता, तर ख्रिस्तामुळे करतो असे सरळ सांगा आणि तिथेच थांबा. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि स्त्रिया आणल्या आणि त्यांना केडगावच्या मुक्तीमध्ये आसरा दिला. रमाबाई कोण आहेत आणि कशावर विश्वास ठेवतात हे कोणापासून लपलेले नव्हते. त्यावरून वादही झाले. पण तिथे आलेल्या बाईला नुसते अन्न मिळाले नाही. विणकाम, छापखाना, तेलघाणा यांसारख्या कामांतून तिच्या हाताला हुन्नर मिळाले, म्हणजे दात्याचे पाय धरत बसण्याची तिला गरज उरली नाही. मदत मिळालेल्या माणसाला तुमच्यापासून दूर जाण्याचे बळ येते की नाही, हेही अट नसल्याचे एक लक्षण आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. राज्यघटनेचे कलम २५ प्रत्येकाला सदसद्विवेकाचे आणि धर्म मानण्याचे, आचरण्याचे व प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देते. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. सर्वोच्च न्यायालयाने १९७७मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केले की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. ओडिशात १९६७पासून, मध्य प्रदेशात १९६८पासून आणि नंतर इतर अनेक राज्यांत बळजबरीने, फसवणुकीने किंवा प्रलोभनाने केलेले धर्मांतर हा गुन्हा आहे. ‘प्रलोभन’ची व्याख्या काही ठिकाणी भेटवस्तू, नोकरी, मोफत शिक्षण इथपर्यंत पसरलेली आहे. तुमच्या राज्यात आज काय लागू आहे ते स्थानिक वकिलाकडून समजून घ्या. रोजच्या व्यवहारात एवढे पाळा:

- धान्याच्या पिशवीत पत्रक घालू नका. ज्याला वाचायचे आहे तो मागून घेईल.
- आजाऱ्याच्या खाटेशी प्रार्थना त्याने मागितली तरच करा, आणि वॉर्डचे नियम पाळून करा.
- प्रार्थनेमुळे औषध बंद करायला कोणालाही सांगू नका. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी ते चूकच होते.
- मदत घेणाऱ्यांची नावे मंडळीच्या यादीत किंवा अहवालात ‘फळ’ म्हणून मोजू नका.

तरीही कोणी अडवले, तक्रार झाली, तर रस्त्यावर वाद घालू नका. आपले नाव आणि काम सांगा, जोडीदाराला सोबत ठेवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९नुसार साक्षीदार म्हणून चौकशीसाठी स्त्रियांना आणि ६० वर्षांवरील पुरुषांना पोलीस ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही. चौकशी राहत्या घरी करावी लागते. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत विधी साहाय्य मिळते. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

कायदा कुठे पाठीशी, कुठे मानगुटीवर

यरीहोच्या वाटेवर लुटलेल्या जखमीला उचलणाऱ्या शोमरोन्याचे नाव भारतीय कायद्याच्या चर्चेत ‘गुड समॅरिटन’ म्हणून आले आहे. रस्त्यावरच्या जखमीला उचलायला लोक घाबरतात ते पोलिसांच्या आणि कोर्टाच्या फेऱ्यांमुळे. ती भीती आता बरीचशी निराधार आहे. २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना बळ दिले, आणि २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आले. चांगल्या हेतूने तातडीची मदत करणाऱ्यावर त्या मदतीतल्या चुकीसाठी दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव, पत्ता, फोन देण्याची सक्ती पोलीस किंवा रुग्णालय करू शकत नाही. तुम्ही आपणहून साक्षीदार व्हायचे ठरवलेत तर तुमच्या सोयीच्या जागी आणि वेळी जबाब घेतला जावा असा नियम आहे. तेव्हा १०८ किंवा ११२ लावा, थांबा, मदत करा.

मुलांच्या बाबतीत मात्र कायदा कडक आहे, आणि तो असायलाच हवा. संडे स्कूल घेणाऱ्यांनी, संध्याकाळी अभ्यासवर्ग चालवणाऱ्यांनी हे पाठ करून ठेवावे. एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले किंवा तशी रास्त शंका आली तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ‘मंडळीची बदनामी होईल’, ‘आपण आपसात मिटवू’ असे म्हणून गप्प राहणारा स्वतः गुन्हेगार ठरतो. सापडलेले किंवा सोडून दिलेले मूल दयेपोटी घरी ठेवून घेता येत नाही. १०९८वर किंवा पोलिसांना कळवा. बालकल्याण समितीसमोर ते चोवीस तासांत जावे लागते. वर्गात मुलांसोबत नेहमी दोन मोठी माणसे असू द्या आणि दार उघडे ठेवा. मदत घेणाऱ्या मुलांचे फोटो कोणत्याही गटावर टाकू नका.

मोठ्यांच्या बाबतीतही गुप्तता जपा. प्रार्थनेची विनंती म्हणून सांगितलेली दारूची, कर्जाची, घटस्फोटाची गोष्ट दुसऱ्या दिवशी साऱ्या कॉलनीत पसरते, हा अनुभव आल्यामुळेच पुष्कळ जण मंडळीकडे मदत मागत नाहीत. परवानगीशिवाय नाव घेऊन प्रार्थना मागू नका. कोणाचे एटीएम कार्ड, पिन, मूळ कागदपत्रे स्वतःजवळ ठेवू नका, त्याने आग्रह केला तरी. उरलेली औषधे दुसऱ्याला देऊ नका. आत्महत्येचे विचार बोलून दाखवणाऱ्याला एकट्याने ‘समुपदेशन’ देत बसू नका. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक लावून द्या आणि सोबत बसा. एकट्या वृद्धांच्या छळाबाबत १४५६७, स्त्रियांसाठी १८१.

पैशांचा व्यवहार

वर सांगितलेली बहुतेक कामे पैशाशिवाय होतात, आणि पहिले वर्ष ती तशीच करावीत असे आम्ही सुचवू. पैसे आले की हिशेब येतो, आणि हिशेबासोबत भांडणही. तरी लागलेच, तर लोकांकडून धर्मादाय कामासाठी वर्गणी जमवताना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. म्हणून मंडळीच्या किंवा दुसऱ्या नोंदणीकृत न्यासाच्या नावाने, पावती फाडून जमवा. स्वतःच्या खात्यावर किंवा वैयक्तिक क्यूआर कोडवर नको. परदेशातल्या नातेवाइकाचे पैसे घेताना विशेष जपा. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय मानली जात नाही. त्याने परदेशी नागरिकत्व घेतले असेल तर तीच रक्कम परकीय अंशदान ठरते आणि त्यासंबंधीच्या २०१०च्या कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला ती घेता येत नाही. आखाती देशातला भाऊ आणि कॅनडाचा नागरिक झालेला भाऊ यांच्यात घरात फरक नसला तरी कायद्यात आहे.

आणि जे फसवतात त्यांचे काय? दारूडा औषधाचे म्हणून पैसे नेतो, हे खरे आहे. त्यावर उपाय म्हणजे रोख न देणे: औषध दुकानातून घेऊन द्या, फी शाळेत भरा, किराणा दुकानात खाते ठेवा. उसने देऊ नका. देता येत असेल तर द्या, नसेल तर नाही म्हणा, कारण उसनवारीत पैसे आणि नाते दोन्ही जातात. एवढे करूनही कोणी फसवेल. त्या जखमीसाठी शोमरोन्याने धर्मशाळेच्या मालकाला दोन दीनार दिले आणि वर लागेल तो परतताना देण्याचे कबूल केले. मालक प्रामाणिक असेल याची खात्री त्यालाही नव्हती. एका फसवणुकीमुळे बाकीच्यांचे बंद करणे म्हणजे चोराची शिक्षा शेजाऱ्याला देणे होय.

थांबायचे असेल तेव्हा

सेवा आयुष्यभर चालवलीच पाहिजे असे नाही. बदली होते, तब्येत बिघडते, मन थकते. चिडचिड होऊ लागली, त्या घरी जाण्याचा वार जवळ आला की टाळावेसे वाटू लागले, समोरच्याविषयी मनात तुच्छता येऊ लागली, तर ती विश्रांतीची खूण समजा आणि अपराधी वाटून घेऊ नका. येशूही गर्दी सोडून एकांतात जात असे. मात्र न सांगता जाणे बंद करू नका. जो तुमच्या गुरुवारवर विसंबून आहे त्याने त्या दिवशी दुसरी सोय केलेली नसते.

निदान महिनाभर आधी सांगा. जोडीदाराला किंवा नव्या माणसाला दोन-तीन वेळा सोबत नेऊन ओळख करून द्या, आणि ज्याची सेवा करता त्याला हा माणूस चालेल का ते विचारा. एका वहीत डॉक्टरांचे नाव, चालू औषधे, अर्जांच्या पोचपावत्यांचे क्रमांक, कोणाला फोन करायचा ते लिहून द्या. या सगळ्याला त्या घरच्या माणसाची संमती हवी. पेन्शन किंवा अनुदान घेणाऱ्यांच्या हयातीच्या दाखल्याची मुदत त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. दाखला वेळेवर गेला नाही तर पैसे अडकतात, आणि ते पुन्हा सुरू करायला तहसीलच्या नव्याने फेऱ्या माराव्या लागतात.